सोमॅटिक सेल ६० टक्क्यांनी उतरले म्हणजे नक्की काय झालं?

गोठ्यातली_लेक

नमस्कार मंडळी. मी राहते कोथरूडला, पण घर शिरूर तालुक्यात. बाबांकडे अकरा गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. श्रावणात दूध संकलन केंद्रावरून निरोप आला की तुमच्या दुधात सोमॅटिक सेल (गाईच्या शरीरातल्या पेशी) फार येतायत, सुधारा नाहीतर दर कापला जाईल. त्याच आठवड्यात एक विक्रेता घरी आला. खाद्यात मिसळायची भुकटी घेऊन आला होता. म्हणाला, तीन गाईंना २१ दिवस फुकट देतो, फरक दिसला तरच घ्या.

त्याने अकराही गाईंचं दूध तपासून घेतलं आणि सगळ्यात जास्त आकडा असलेल्या तीन निवडल्या. मिलिलिटरला ९,४०,०००, ७,८०,००० आणि ६,१०,००० सेल. एकवीस दिवसांनी त्याच तिघींचे आकडे ३,६०,०००, ३,३०,००० आणि २,४०,०००. सरासरी काढली तर ६० टक्के घट. लॅबचा कागद आमच्या हातात आहे, आकडे खोटे नाहीत. बाबा एकदम खूश. आता अकरा गाईंची भुकटी घ्यायची म्हणजे महिन्याला चार हजार आठशे रुपये.

मला कुठंतरी पटत नाहीये, पण नेमकं काय पटत नाहीये ते बाबांना सांगता येत नाही. इथे पशुवैद्यकीय, औषध संशोधन वगैरे क्षेत्रातली माणसं आहेत म्हणून विचारते. घट मोजायची तरी कशी?

बारामतीचा_वारा

कागद आहे, आकडा उतरलाय, गाई बऱ्या आहेत. ताई, घेऊन टाका. शंका काढत बसलं की धंदा होत नाही.

आकडेमोड

ताई, तुम्हाला जे खटकतंय त्याला सांख्यिकीत नाव आहे: सरासरीकडे परतणं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंच्या मांडून ते दाखवलं. फार उंच आईबापांची मुलं उंचच असतात, पण सहसा आईबापांइतकी नाही. त्यात औषधाचा काही संबंध नव्हता.

गोठ्यात बघा. सेलचा आकडा रोज वरखाली होतो. अकरा गाई एकाच दिवशी तपासल्या आणि त्यातल्या वरच्या तीन उचलल्या, तर त्या दिवशी ज्यांचा आकडा नेहमीपेक्षा चढलेला होता अशाच गाई जास्त करून तुमच्या हाती येणार. पुढच्या वेळी त्या खाली येणारच, भुकटी द्या की नुसता कोंडा द्या. याच्या उलटंही करून बघता येईल. सगळ्यात कमी आकड्याच्या तीन गाई घेतल्या असत्या तर २१ दिवसांनी त्यांचे आकडे बहुतेक वाढलेले दिसले असते, आणि भुकटीने गाई बिघडल्या असं कुणीही म्हटलं असतं.

एकच विचारतो. उरलेल्या आठ गाईंचं दूध दुसऱ्यांदा तपासलं का?

गोठ्यातली_लेक

नाही. तो म्हणाला, ज्यांना भुकटी दिलीच नाही त्यांचा खर्च कशाला?

आकडेमोड

तोच खर्च करायला हवा होता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या आठ गाईंच्या दुधात होतं. आता नव्याने करा: नाणं उडवून अर्ध्या गाईंना भुकटी द्या, अर्ध्यांना देऊ नका, आणि सगळ्यांचंच दूध आधी आणि नंतर तपासा.

पशुवैद्य_आंबेगाव

थोडं सविस्तर लिहितो, कारण हे रोज बघतो.

सोमॅटिक सेल म्हणजे दुधात उतरलेल्या गाईच्याच पेशी, मुख्यतः पांढऱ्या. कासेत जंतू शिरले की शरीर त्या तिकडे पाठवतं. निरोगी सडाच्या दुधात साधारण मिलिलिटरला दोन लाखांच्या आत असतात. त्यावर गेल्या की सुप्त दगडीचा संशय घ्यायचा. दगडी म्हणजे कासेचा दाह. सुप्त म्हणजे कास सुजलेली नाही, दुधात गाठी नाहीत, गाय खातेपिते, पण आत दाह चालू आहे. यातल्या बऱ्याच गाई काही न करता आपोआप निवळतात. काही निवळत नाहीत, आणि त्याच महत्त्वाच्या.

आकडा उतरायची इतरही कारणं असतात. दूध वाढलं तर त्याच पेशी जास्त दुधात पसरतात आणि मिलिलिटरमागे कमी दिसतात. त्यामुळे त्या २१ दिवसांत पाऊस थांबला असेल, हिरवा चारा वाढला असेल, दूध दोन लिटरने चढलं असेल तर आकडा आपसूक खाली येतो. नुकती व्यायलेली आणि आटत आलेली गाय, दोघींचा आकडा वर असतो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेत फरक पडतो. नमुना पहिल्या धारेचा घेतला की सगळ्या दुधाचा, यानेही पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे एकाच सडात दगडी असेल आणि चारही सडांचं दूध एकत्र तपासलं, तर तीन चांगली सडं त्या चौथ्याला झाकून टाकतात.

म्हणून मी गोठ्यात चार वाट्यांचं पॅडल घेऊन जातो. कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ साली दिलेली. प्रत्येक सडातून एकेका वाटीत दोन धारा मारायच्या, पॅडल तिरकं धरून सगळीकडे सारखंच दूध उरवायचं, तेवढंच जांभळट द्रावण ओतायचं आणि हलक्या हाताने गोल फिरवायचं. दहा सेकंदांत कळतं. तीन वाट्यांत पाण्यासारखं फिरतं, चौथीत शेंबडासारखं घट्ट होऊन मध्यभागी गोळा होतं, वाटी कलती केली तर अख्खाच्या अख्खा सरकतो. ते बघितल्यावर शेतकऱ्याला आकडा सांगावाच लागत नाही. द्रावण मिळत नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरचं ३ टक्के द्रावण, म्हणजे १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम, यावरही काम भागतं.

आणखी एक. या आकड्यांची साधी सरासरी काढू नका. नऊ लाखांची एक गाय बाकी सगळ्यांना गिळून टाकते. आम्ही दुपटीच्या पायऱ्या मोजतो: १ लाख म्हणजे ३ गुण, २ लाख म्हणजे ४, ४ लाख म्हणजे ५, ८ लाख म्हणजे ६. आठाचे चार होणं आणि चाराचे दोन होणं ही सारखीच एकेक पायरी. तुमच्या तिन्ही गाई सव्वा ते दीड पायरी उतरल्यात. घट खरी आहे. ती भुकटीने झाली का, एवढाच प्रश्न आहे.

बारामतीचा_वारा

डॉक्टर साहेब, हे सगळं मान्य. पण आमच्या भागात एका ओळखीच्यांनी अशीच भुकटी वर्षभर दिली आणि गोठ्याची सरासरी निम्म्यावर आली. एका वर्षात काही योगायोग चालत नाही.

पशुवैद्य_आंबेगाव

वर्षभरात त्यांनी किती गाई विकल्या ते विचारा. खराब सडाची एक गाय बाजारात गेली की त्या दिवसापासून गोठ्याची सरासरी घसरते, एकाही गाईच्या कासेत काही न सुधारता. म्हणून आम्ही नेहमी त्याच गाईचा आधीचा आकडा त्याच गाईच्या नंतरच्या आकड्याशी लावतो. विकलेली, मेलेली, आटलेली गाय कुठे गेली तेही लिहून ठेवावं लागतं.

बारामतीचा_वारा

दोन विकल्या होत्या. विचारून सांगतो कुठल्या.

शब्दवेल्हाळ

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. आपल्या भाषेत कमी होण्याला किती शब्द आहेत बघा. ताप उतरतो, सूज ओसरते, दूध आटतं, जनावर रोडावतं, भाव पडतो, गर्दी पांगते. माझी आजी गोठ्यातून येऊन ‘कपिला रोडावलीय’ म्हणायची तेव्हा तिच्या मनात मागच्या महिन्यातली कपिला असायची. म्हणजे कशाच्या तुलनेत हे त्या शब्दातच होतं. ‘घट’ म्हटलं की ते हरवतं.

आणि एक कळकळीची विनंती. ‘तिपटीने घट’ असं लिहू नका. तिप्पट वाढतं हे कळतं. तिपटीने कमी म्हणजे एक तृतीयांश उरलं की काय? रोज वाचतो आणि रोज अडतो.

सिंहगड_रोड

शब्दवेल्हाळ यांना अनुमोदन. तसंच टक्के आणि टक्केबिंदू. माझं तीन महिन्यांच्या साखरेचं एचबीएवनसी ९ वरून ८ वर आलं. एक टक्काच उतरलं म्हणून मी खट्टू झालो होतो. डॉक्टर म्हणाल्या, अहो एक टक्काबिंदू उतरलंय, मूळच्या ९ च्या मानाने ते ११ टक्के आहे आणि चांगलं आहे. पुढची तपासणी महिन्याभरात करू का विचारलं तर म्हणाल्या, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, इतक्या लवकर पूर्ण फरक दिसायचा नाही, तीन महिन्यांनीच या.

चहा_दोन_कप

आमच्या आईचं बीपी दवाखान्यात १६०, घरी १३०. डॉक्टरांनी घरी यंत्र घ्यायला सांगितलं. आता आई शेजारच्या चार काकूंचंही बीपी मोजते आणि सगळ्यांना आधी पाच मिनिटं गप्प बसवते. आमच्या मजल्यावर एवढी शांतता कधीच नव्हती. :)

कऱ्हाकाठ

आमच्याकडे मेंढ्या आहेत. दिवाळीनंतर कोकणात उतरतो, पावसाच्या तोंडावर वर येतो. मूळ प्रश्नातला ६० टक्के वाचून माझी गोष्ट सांगावीशी वाटली.

दोन वर्षांपूर्वी जंताचं औषध पाजूनही मेंढ्या ढाळत होत्या, डोळ्याच्या पापण्या आतून पांढऱ्या, दोघीतिघींच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं. औषध पाजलेलं असल्याने जंत नसणारच असं आम्ही धरून चाललो होतो. एक तरुण डॉक्टर आली. तिने बारा मेंढ्यांना खुणा केल्या, प्रत्येकीच्या लेंड्या थेट आतून, हातमोजा घालून काढल्या. जमिनीवरच्या घेतल्या तर कुणाच्या ते कळत नाही म्हणाली. चार ग्रॅम लेंड्या छप्पन्न मिली मिठाच्या दाट पाण्यात घोटल्या, गाळल्या आणि काचेच्या चौकटीच्या कप्प्यात भरल्या. जंताची अंडी वर तरंगतात. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली, लांबट गोल, आत द्राक्षाच्या घडासारखं भरलेलं. एक अंडं दिसलं की ग्रॅमला पन्नास धरायची.

मग तेच औषध पुन्हा पाजलं. पाजायच्या आधीची सरासरी ग्रॅमला १,२०० अंडी होती. चौदा दिवसांनी त्याच बारा मेंढ्यांची ४८०.

म्हणजे ६० टक्के घट! मी म्हटलं, वा. ती म्हणाली, काका, हे औषध तुमच्या कळपात हरलंय. चालणाऱ्या औषधाने निदान ९५ टक्के अंडी कमी झाली पाहिजेत. उरलेले जंत औषध पचवणारे आहेत, आणि आता त्यांचीच पिल्लावळ होणार.

तेव्हापासून मला कुणी टक्के सांगितले की मी विचारतो, किती व्हायला हवे होते?

आकडेमोड

कऱ्हाकाठ काका, धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. तोच ६०, एका गोठ्यात आनंद आणि एका वाड्यावर धोक्याची घंटा.

पशुवैद्य_आंबेगाव

काका, औषध बदललंत ना? आणि मेंढ्यांचं वजन अंदाजाने धरत असाल तर थांबवा. कळपातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनावर डोस ठरवायचा. सरासरीवर ठरवला की निम्म्या कळपाला तो कमी पडतो आणि जंतांना सवय लागते.

कऱ्हाकाठ

बदललं. आता तागडीचा काटा बरोबर असतो. औषध कमीच पडत होतं हे वजन केल्यावर कळलं.

पिंजरा_क्रमांक_सात

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. संस्थेचं नाव नको. औषधाने कर्करोगाची गाठ किती आटली हे आम्ही कॅलिपरने मोजतो. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन, झालं घनफळ. ऐकायला सोपं आहे, पण हाताखाली उंदीर वळवळतोय, कातडी सैल आहे, चिमटा किती दाबायचा हे बोटांवर आहे. लांबी-रुंदी दोन्ही दहा टक्के कमी मोजली गेली तर घनफळ सत्तावीस टक्के कमी येतं. म्हणजे माझ्या बोटांनीच औषधाला पाव भाग यश दिलं.

म्हणून मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसावं लागतं. पहिल्या वर्षी मला ते अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं. मग एकदा मीच पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या बघून आणि न बघून, अशी तीच गाठ दोनदा मोजली. चिठ्ठी बघितल्यावर औषधाच्या गटातल्या गाठी मला लहान मिळाल्या. मी काही खोटं करत नव्हते, मनापासून चांगलं व्हावं असं वाटत होतं, आणि तेच बोटांत उतरलं.

ताई, तुमच्याकडे पॅडल कोण फिरवणार, त्याला भुकटी कुणाला चालू आहे हे कळू देऊ नका.

सिंहगड_रोड

पिंजरा_क्रमांक_सात, तुमचा प्रतिसाद वाचून मागची दोन वर्षं आठवली. आईच्या फुप्फुसातल्या गाठींचं सीटी दर काही महिन्यांनी व्हायचं. निवडलेल्या गाठींच्या लांब्यांची बेरीज ८२ मिमी होती, औषधानंतर ५७ आली. कागदावर ‘अंशतः प्रतिसाद’. मी विचारलं, ३० टक्केच? डॉक्टरांनी कागदावर ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७ करून दाखवलं, ०.३४. लांबी तीस टक्के कमी म्हणजे गाठ गोल धरली तर आकारमान जवळजवळ दोन तृतीयांश कमी. त्या संध्याकाळी आम्ही श्रीखंड आणलं.

पुढे बेरीज ६९ झाली. कागदावर ‘वाढ’. माझी बहीण भांडायला उठली, ८२ पेक्षा ६९ कमीच आहे ना? तेव्हा कळलं की घट मोजायची ती सुरुवातीच्या आकड्यापासून, पण वाढ मोजायची ती मधल्या सगळ्यात लहान आकड्यापासून. ५७ च्या वर २० टक्के आणि निदान ५ मिमी गेलं की आजार पुढे सरकला असं धरतात. औषध बदललं. ते वेळेत बदललं म्हणून आईने पुढचा गणपती घरी बसवला. हा नियम कुणी बसून ठरवला असेल त्याचे मी आभार मानतो.

चहा_दोन_कप

सिंहगड_रोड, नमस्कार सांगा आईंना.

सिंहगड_रोड

त्या मार्चमध्ये गेल्या. पण तो गणपती झाला.

माळढोक

धाग्यात काय लिहावं सुचत नाहीये, तरी ज्या घटीसाठी मी पक्षी मोजायला लागलो ती सांगतो.

पांढऱ्या पाठीचं गिधाड. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. ९९ आणि ९९.९ सारखेच वाटतात, पण हजारातली दहा उरणं आणि एक उरणं यात दहापट फरक आहे. कारण गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक. वेदनेचं साधं औषध. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी. हे २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून सिद्ध झालं, २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं.

घट किती हे सांगता आलं ते एकाच कारणाने. नव्वदीच्या सुरुवातीला कुणालाही गिधाडांची काळजी नसताना काही लोकांनी गाडीतून ठराविक रस्त्यांवर शिकारी पक्षी मोजून ठेवले होते. पुढे तेच रस्ते पुन्हा मोजले. ती पहिली वही नसती तर ‘पूर्वी खूप असायची हो’ एवढंच उरलं असतं.

ताई, भुकटी घ्या न घ्या, पण आज अकराही गाई मोजून तारीख टाकून ठेवा. आणि गाय दुखत असेल तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम आहे ना, एवढं विचारा.

बारामतीचा_वारा

ओळखीच्यांना विचारलं. विकलेल्या दोन्ही गाई दगडीच्याच होत्या. डॉक्टर साहेब बरोबर होते. मात्र माझा एक मुद्दा राहतोच. अर्ध्या गाईंना मुद्दाम काहीच द्यायचं नाही, हे मुक्या जनावरावर अन्याय नाही का?

पशुवैद्य_आंबेगाव

प्रश्न रास्त आहे. भुकटी लागू पडते हे माहीत असतं तर अन्याय झाला असता. माहीत नाही म्हणून तर तपासतोय. अट एकच: कुठल्याही गाईला सूज आली, दुधात गाठी आल्या, ताप आला तर त्या क्षणी प्रयोग बाजूला आणि उपचार सुरू. मग ती कुठल्याही गटातली असो.

गोठ्यातली_लेक

पाच आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार, तुम्ही सांगितलेलं जमेल तसं केलं.

एक गाय आटवली होती, म्हणून दहाच घेतल्या. आधी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळच्या धारेचं दूध तपासलं. सारख्या आकड्याच्या आणि सारख्या वेताच्या गाईंच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवलं. बाबांनीच उडवलं. भुकटी कोंड्यात मिसळून एका डब्यात, नुसता कोंडा दुसऱ्या डब्यात, डब्यांवर लाल आणि निळी चिकटपट्टी. रंगाचा अर्थ फक्त आईला माहीत. विक्रेत्यालाही आधी सांगितलं होतं, तो तयार झाला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

एकवीस दिवसांनी लाल गट सरासरी ४,१०,००० वरून २,९०,०००. निळा गट ३,९५,००० वरून २,८५,०००. दुपटीच्या पायऱ्यांनी काढलं तरी दोन्ही गट अर्धीच पायरी उतरले. आईने रंग सांगितला. लाल म्हणजे भुकटी.

बाबा बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, मग निळ्या का उतरल्या? आणि स्वतःच उत्तर दिलं, पाऊस उघडला, गोठा वाळला.

मग डॉक्टरांनी सांगितलेलं पॅडल आणलं. दहापैकी तीन गाईंच्या एकेका सडाचं दूध वाटीत घट्ट झालं. चांदीचं मागचं उजवं तर इतकं की बाबांनी पॅडल माझ्या हातातून घेऊन दोनदा फिरवलं. वरून कासेला काहीही नाही. पहिल्या तपासणीत ९,४०,००० ची गाय ती हीच.

आकडेमोड

उत्तम केलंत. एवढंच लक्षात ठेवा की पाच-पाच गाईंत फार मोठा फरक असेल तरच दिसतो. भुकटीचा उपयोग शून्य असं यातून म्हणता येणार नाही. ६० टक्के नाही, हे मात्र म्हणता येईल.

पशुवैद्य_आंबेगाव

चांदीच्या त्या सडाचं दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन जंतू कुठला आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते तपासून घ्या, मगच प्रतिजैविक. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. तिची धार सगळ्यात शेवटी काढा. आणि धार झाली की गव्हाण भरून ठेवा, म्हणजे अर्धा तास उभी राहील. सडाचं छिद्र मिटायच्या आत बसली की खालची घाण आत जाते.

गोठ्यातली_लेक

बाटली घेतली. चार हजार आठशेमधून तपासणी, पॅडलचं द्रावण आणि सडं बुडवायचा कप आला, वर पैसे उरले. बाबांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूने अकरा रकाने आखलेत. चांदीच्या रकान्यात ‘मा. उ.’ लिहून खाली तारीख टाकलीय.

कऱ्हाकाठ

खडू पावसाळ्यात पुसला जाईल, पोरी. वहीतही लिहा.